भरून पाहिलेली काईल

पावसाळ्याआधी आमच्या खालच्या आळीत काईल भरायची रीत होती. काईल म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळ थंडावलं की नीरेच्या पुरात तीच आमची नाव. मृगाआधी मारुतीपुढं दगडांवर ठेवून सगळी आळी ती पाण्यानं भरायची. दुसऱ्या दिवशी तिच्याखालची माती कोरडी निघाली की काईल पास. कोणाची गुरं कोणी हलवायची, म्हाताऱ्यांना कोणी उचलायचं, तेही तिथंच ठरायचं. काईल माझी, म्हणून तिची जोखीम माझ्यावर.

छप्पन साली तिच्या तळाला सुपारीएवढं भोक पडलं. बारामतीच्या लोहाराकडून ठिगळ मारून आणतो, असं मी आळीला सांगितलं. गाडी बारामतीला गेलीही, पण मेव्हणीच्या लग्नाला. झुली घातलेले बैल, नटलेली बायको आणि मधोमध ती काळीकुट्ट काईल? मला लाज वाटली. परत आल्यावर भोकात चिंधी कोंबली नि वरून डांबर फासलं. काळ्यावर काळं, कोणाला दिसतंय? मळ्यातच भरून बघितली, कोरडी आहे, असं मी सगळ्यांना ठोकून दिलं. महिपती म्हणतोय म्हणजे झालं, असं म्हणत लोक आपापल्या घरी गेले. एकानं तरी उलट विचारायचं होतं, असं मला अजून वाटतं.

श्रावणात नीरा चढली आणि भर दुपारी पाणी आळीत शिरलं. शेजारचा आबासाहेब आणि मी पोहत काईल ढकलत होतो. पहिल्या खेपेला लेकुरवाळ्या बायका सुखरूप वर गेल्या. राहिली फक्त प्रयागकाकी. एकटा जीव, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून इंदापूरच्या बाजारात विकायची. माळवदावर बसून होती, लोखंड तरंगतंय यावर तिचा भरवसा बसेना.

मी म्हणालो, “काकी, बसा. मी सवता भरून बघितलीया.”

ती बसली. माझ्या शब्दावर बसली.

काठाला टेकलो आणि आत डोकावलो. घोटाभर लालसर पाणी साचलेलं. काकी वाकून बसलेली आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या भोकात खुपसलेली. चिंधी मधल्या धारेतच निघाली होती. सबंध वाटेत तिनं हूं की चूं केलं नव्हतं. लोखंडाच्या कडेनं खोल चिरलेली ती बोटं मी सोडवली तेव्हा तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि हात पदरात गुंडाळला. आबासाहेबानं विचारलं, तर म्हणाली, विळा लागला.

मी त्याच आठवड्यात ठिगळ मारून आणलं. पण काकीची ती दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. तिच्या जुड्या बाजारात पोचेपर्यंत सुटायच्या. सैल जुडी कोण घेतंय? संध्याकाळी ती भरली पाटी घेऊन माझ्या दारावरून परत यायची आणि मी तोंड लपवून गोठ्यात जायचो. बायकोनं वाढलेली भाजी मला गिळवत नसे. तोंड मात्र उघडलं नाही, भित्रा होतो म्हणून.

पुढच्या मृगाआधी काईल भरली. सकाळी माती कोरडी निघाली. लोक माझं कौतुक करायला लागले. काकी खाली बसली, काईलीखाली हात घालून तिनं तळ चाचपला.

“ठिगळ बेस बसलंय,” ती म्हणाली.

मला पुढं ऐकवेना. “गेल्या साली न्हवतं,” मी सगळ्यांसमोर म्हणालो. “भरूनबी बघितली न्हवती. खोटं बोललो व्हतो. काकीची बोटं त्यापायी गेली.”

आबासाहेब म्हणाला, काईलीचं काम आता दुसऱ्या कोणाकडं तरी द्या. दोघातिघांनी माना डोलावल्या. मला बरंच वाटलं, सुटलो असं वाटलं.

“न्हाय,” काकी म्हणाली. “ह्याच्याकडंच ऱ्हाऊ द्या. मी जित्ती हाय तवर ह्यो इसरायचा न्हाय.”

ती उठायला लागली, तसा मी हात पुढं केला. तिनं डावा हात दिला.