सुई ओवला

मी एक जुनं शिलाई मशीन आहे. मित्रांनो, माझा हिरवा रंग हात घासून घासून उडाला, पण टाका अजून सरळ पडतो. कारखान्यात नवं आणलं तेव्हा पाहुणे आले की मालक आधी मलाच दाखवत.

सकाळच्या पाळीला माझ्यावर काकू बसत. वीस वर्षं त्यांनी कॉलर शिवल्या. दुपारच्या पाळीला एक मुलगी येई, दूरच्या मुलखातून पोटासाठी आलेली. तिला कारखान्यातल्या सगळ्या बायका ‘बाहेरची’ म्हणत.

काकूंना सुईचं नेढं दिसेनासं झालं होतं. हे कळलं तर घरी बसवतील, म्हणून त्या कोणाला सांगत नसत. पाळी बदलताना मुलीच्या ते लक्षात आलं. तेव्हापासून रात्री घरी जाताना ती नवी सुई लावून, दोरा ओवून जाई. मग दुसऱ्या दिवशी सकाळभर काकू रंग बदलताना जुन्या टोकाला नवा दोरा गाठ मारून ओढून घेत.

“काकू, सुई ओवला,” दुपारी भेटली की ती आदल्या रात्रीचं हळूच सांगे.

बायका हसत. “ओवला म्हणे! सुईला मिशा फुटल्या का गं?”

काकूही हसत.

मग मागणी घटली. काकूंच्या नवऱ्याचंही काम सुटलं. “हिचाच पायगुण. आली आणि धंदा बसला,” बायका म्हणू लागल्या. ‘आधी आपली माणसं’ असा अर्ज निघाला. काकूंनी माझ्याच फळीवर कागद ठेवून सही केली. दुपारची पाळी बंद झाली.

चार दिवस काकूंनी जुनाच दोरा पुरवला. पाचव्या दिवशी सुई मोडली. नवी बसवली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पुन्हा पुन्हा नेलं. दोरा नेढ्याच्या बाजूनेच जाई. सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला.

“काय झालं, काकू?”

“साहेब, दुपारची ती मुलगी... माझ्या मशीनवरची. तिला परत बोलावता येईल?”

“सतरा जणी गेल्या. नाव काय तिचं?”

काकूंनी शेजारच्या रांगांकडे पाहिलं. तिथे कोणालाच ते ठाऊक नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. माझ्यासमोर ते कधी कोणी उच्चारलंच नव्हतं.

महिन्याभरात काकूंची खुर्ची रिकामी झाली. आता मी गोदामात आहे.

मित्रांनो, मशीनला वेळेवर तेल घाला, धूळ झटका. आणि शेजारी येऊन बसणाऱ्याला हसण्याआधी एकदा त्याचं नाव विचारून ठेवा. पुढे हाक मारायची वेळ येते.