काचेवर धरलेला नकाशा

ताईला या पुस्तकातून मिळणार होती ती फक्त एक ओळ. पहिल्या पानावर, 'दारापासून पृथ्वीपर्यंत' या नावाच्या खाली आणि छापखान्याच्या नावाच्या वर, बरोबर मधोमध, तिच्या स्वतःच्या नावाची ओळ. बाकी काही मिळायचा प्रश्नच नव्हता. छापखाना भावाचा. नफा झाला तर तो दादाच्या कपाटात जायचा आणि तोटा झाला तर सगळ्यांच्या ताटात यायचा.

त्याच ओळीवर दुसरा हक्कदार बसलेला होता. भाऊजी. ताईच्या मोठ्या बहिणीचे यजमान, निवृत्त हेडमास्तर. आधीची दोन भूगोलाची पुस्तकं त्यांच्या नावावर होती. लिहिली होती ताईने. भाऊजींनी प्रस्तावना लिहिली, आणि तिच्यात जगातल्या सगळ्यांचे आभार मानले. मेव्हणीचे तेवढे राहून गेले.

"बाईचं नाव दिसलं की शाळा पुस्तक उघडत नाहीत," दादा म्हणायचा. "मी काय तुझा वैरी आहे का? धंदा आहे."

"उघडून बघितल्याशिवाय त्यांना कसं कळणार बाईचं नाव आहे ते?" ताई म्हणायची.

यावर दादाकडे एक हुकमी उत्तर होतं, आणि ते खरंही होतं. छापखान्यात पहिलं पान शेवटी छापतात. आधी सगळे धडे छापून व्हायचे, पानं मोजायची, अनुक्रमणिका जुळवायची, आणि मग कुठे नावाचं पान. "आत्ताच कशाला डोकं शिणवतेस? ते पान यायला अवकाश आहे," असं म्हणून त्याने दोन पुस्तकं काढली होती. ते पान यायचं, आणि त्यावर भाऊजी बसलेले असायचे.

आधीच्या पुस्तकांना ताई स्वतःच वैतागली होती. सगळी प्रश्नोत्तरं. पृथ्वी कशी आहे? चेंडूसारखी. महासागर किती? पाच. मुलं डोळे मिटून घडाघडा म्हणायची आणि मास्तर डोळे मिटून ऐकायचे. पाचही महासागर पाठ असलेल्या एका मुलीला ताईने आत्याच्या घरची वाट विचारली, तर ती म्हणाली, "ते पुस्तकात नाही."

म्हणून नवं पुस्तक दारापासून सुरू होत होतं. आधी आपल्या खोलीचा नकाशा काढा. मग घराचा. मग शाळेच्या फाटकापासून नदीपर्यंतच्या रस्त्याचा. डोंगर त्यानंतर, आणि समुद्र पार शेवटी. सोबत भिंतीवर लावायचा गावाचा मोठा नकाशा, रेषा सगळ्या पण नाव एकही नाही. नावं मुलांनी सांगायची. दादाला ही कल्पना आवडली होती. नावं नाहीत म्हणजे तेवढीच मेहनत कमी, असं त्याचं गणित.

नकाशे दगडावरून छापले जात. गुळगुळीत सपाट शिळेवर चिकट शाईने चित्र काढायचं आणि त्यावर कागद दाबायचा. कागदावर सुलटं उमटायला हवं तर दगडावर उलटं काढावं लागतं. त्यासाठी ताई आधी आरशात बघून पातळ कागदावर सगळा नकाशा उलटा उतरवायची, तो कागद डोळ्यांसमोर टांगायची आणि त्याबरहुकूम दगडावर रेघा ओढायची. छापून झालं की नकाशा बाजूच्या खोलीत वहिनीकडे जायचा. वहिनी म्हणजे दादाची बायको. तिच्या लांब टेबलाशी गल्लीतल्या सहा बायका बसून नद्यांत निळा आणि डोंगरांत तपकिरी रंग भरायच्या. हात चालायचे तशी तोंडंही चालायची. जगातल्या एकूण एक नद्या त्या टेबलावर भरल्या गेल्या होत्या आणि गावातली एकूण एक लफडीही.

या दोन्ही खोल्यांत भाऊजींनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. शाईचे डाग पडतात.

पुस्तक शाळांत लावायचं तर पुस्तक कमिटीची मंजुरी लागायची, आणि कमिटीने यंदा नवा नियम काढला होता: लेखकाने स्वतः येऊन, आपल्या पुस्तकातला एक धडा वर्गाला शिकवून दाखवायचा. मंजुरी मिळाली तर पुस्तक प्रत्येक शाळेत. नाही मिळाली तर छापलेले गठ्ठे पुड्या बांधायला.

"भाऊजी शिकवतील," दादा म्हणाला. "जन्म गेला त्यांचा शिकवण्यात."

"तिसरा धडा घ्या," ताई भाऊजींना म्हणाली. "शाळेपासून नदीपर्यंत. एकदा वाचून ठेवा मात्र."

"अगं, मी हेडमास्तर होतो," भाऊजी म्हणाले. म्हणजे वाचणार नव्हते.

त्या दिवशी सकाळी गाडी दाराशी उभी, आणि भिंतीवरचा नकाशा वहिनीच्या टेबलावर. नदी भरून झाली होती, बाकी गाव ओलं. ताई पुस्तकांच्या प्रती बांधत होती. पहिलं पान नसलेल्या प्रती, कारण ते छापायचंच होतं. भाऊजींनी दारातूनच आत डोकावलं. ओल्या रंगाला हात लावायची त्यांची तयारी नव्हती, आणि रंगीत नकाशा त्यांना मुळातच पोरकट वाटायचा. कोपऱ्यात एक कोरी करकरीत, स्वच्छ गुंडाळी उभी होती. त्यांनी दारातूनच काठीने ती ओढून घेतली, उलगडून पाहिली. रस्ते होते, नदी होती, नावं नव्हती. अगदी हवा तसा. काखोटीला मारली आणि गाडीत जाऊन बसले.

शाळेच्या सभागृहात कमिटीचे पाच जण टेबलामागे होते. मध्ये अध्यक्ष, एक कोरडे गृहस्थ. इतरांच्या पुढ्यात पाणी असतं तसं त्यांच्या पुढ्यात नियमांचं पुस्तक असायचं. समोर दहा-अकरा वर्षांची मुलंमुली. अगदी मागच्या बाकावर दादा, वहिनी आणि ताई.

भाऊजींनी नकाशा फळ्यावर टाचला आणि ताई बाकावरून पुढे वाकली.

"वहिनी," ती पुटपुटली, "तो उलटा कागद आहे."

वहिनीने मान वाकडी करून बघितलं. "अगं बाई. नदी पश्चिमेला नेऊन ठेवली की यांनी."

"गप्प बसा दोघी," दादा म्हणाला. त्याला काहीच कळलं नव्हतं.

भाऊजींचा आवाज मात्र खणखणीत होता. "मुलांनो, हे आपलं गाव. ही शाळा. आता शाळेच्या फाटकातून बाहेर पडलो, नदीवर जायचं, तर कुठल्या हाताला वळायचं?"

"उजव्या," सगळा वर्ग म्हणाला.

भाऊजींनी नकाशाकडे पाहिलं. "चूक. डाव्या."

वर्गात चुळबुळ झाली. पहिल्या बाकावरची, दोन घट्ट वेण्या घातलेली एक मुलगी उठून उभी राहिली. "सर, डाव्या हाताला तुरुंग आहे."

"तुला काय माहीत?"

"माझे बाबा तिथेच असतात."

सभागृहात क्षणभर कुणी कुणाकडे बघेना.

"पहारेकरी आहेत," मुलगी म्हणाली.

"हे बघ बाळ," भाऊजी म्हणाले, "माणूस चुकतो. नकाशा चुकत नाही. नकाशात नदी डावीकडे आहे, म्हणजे ती डावीकडेच आहे."

"मग सर, मी नदीकाठी राहते. रोज घरी जाते कशी?"

मुलं हसली. कमिटीतले दोघं हसले आणि खोकले. भाऊजींनी खडूने उगवतीची दिशा दाखवली, तर तिथे तुरुंग. मागून एक पोरगा म्हणाला की सूर्य तर नदीवरून येतो, तुरुंगातून कसा सुटला? आता हसू आवरेना. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी समोरची प्रत मिटली आणि दौतीत टाक बुडवला.

ताईने तेवढ्यात मनाशी हिशोब करून टाकला. गप्प बसलं तर भाऊजींचं हसं होईल, हे नफ्यात. पण पुस्तक जाईल. तो तिसरा धडा, ती खोली, तो रस्ता, मुलांना आत्ता ज्याच्या जोरावर बोलता आलं ते सगळंच पुड्या बांधायला जाईल. आणि गंमत अशी की पुस्तक पास झालेलं होतं. गावाचा नकाशा चुकला हे पोरांना ओळखता आलं, पुस्तकाला याहून आणखी काय शिकवायचं होतं? फक्त हे समोरच्या पाच जणांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

ती उठली. दादाने तिची बाही धरली. "बस खाली. नाव जाईल आपलं."

"माझं अजून आलंच नाहीये," ताई म्हणाली. "जायचं कुठून?"

बाही सुटली. ती मधल्या वाटेने सरळ फळ्यापर्यंत गेली, भाऊजींना म्हणाली, "जरा सरका," आणि टाचण्या काढून नकाशा उतरवला. मग तो पालथा केला आणि बाजूच्या मोठ्या खिडकीच्या काचेवर धरला. बाहेर लख्ख ऊन होतं. पातळ कागदातून रेघ न रेघ आरपार दिसू लागली, आणि सगळ्या गावाने जणू कूस बदलली. नदी उगवतीला गेली, तुरुंग मावळतीला.

"ये गं, तू हे टोक धर," ती वेणीवालीला म्हणाली. "आणि सूर्य सोडवणारे ते कोण? तुम्ही या, हे टोक धरा. हं. आता फाटकातून बाहेर पडा. नदी कुठल्या हाताला?"

"उजव्या," मुलगी म्हणाली, आणि बोट टेकवून पुढे निघाली. "हा भट्टीवाला. इथे वास येतो. हा पूल. हे आमचं घर."

मग कुणाला आवरणार? प्रत्येकाला आपलं घर दाखवायचं होतं. एकाने दवाखाना सांगितला, एकीने विहीर. ताई मध्येच विचारायची, "तुझ्या घरून हिच्या घरी जवळची वाट कुठली?" की दोन पोरं भांडायची, बोटांनी रस्ते मोजायची, आणि एक जिंकायचा. कमिटीतले एक गृहस्थ खुर्ची सोडून खिडकीशी आले आणि हळूच आपलं घर शोधायला लागले. त्यांना ते सापडेना. वेणीवालीने दाखवलं.

"आणि नकाशा मघाशी चुकला होता, तो तुम्ही कसा पकडलात?" ताईने शेवटी विचारलं.

"आम्ही तिथून चालतो ना," मुलगी म्हणाली.

"बाई," अध्यक्षांचा आवाज आला. "आपण कोण?"

भाऊजी घाईने म्हणाले, "आमच्या मेव्हणी. छापखान्यात थोडी मदत करतात."

"हे पुस्तक मी लिहिलंय," ताई म्हणाली. "नकाशेही मीच काढलेत. हा कागद कामाचा होता, दाखवायचा नव्हता. खरा नकाशा वहिनीच्या टेबलावर वाळतोय."

अध्यक्षांनी प्रत उघडली. पुढून चाळली, मागून चाळली. "हिला पहिलं पानच नाही. लेखक कोण, हे कमिटीने ओळखायचं कसं?"

आता दादाला उठावंच लागलं. "त्याचं काय आहे साहेब, आमच्यात पहिलं पान शेवटी छापतात. अजून छापलेलं नाही."

"अस्सं," अध्यक्ष म्हणाले. "मग वेळ गेलेली नाही."

त्यांना बायकांच्या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. ते नियमाशी होतं. त्यांनी नियम मोठ्याने वाचला. धडा लेखकाने स्वतः शिकवावा. एक धडा नापास झालाय, एक पास झालाय. पास झालेला धडा ज्यांनी शिकवला त्यांच्या नावाने पुस्तक मंजूर. दुसऱ्या नावाने छापलं तर मंजुरी रद्द. आणि त्यांनी टाक कागदावर टेकवला.

दादा खाली बसला. वहिनी त्याला म्हणाली, "आता बाईचं नाव नसलं तर शाळा पुस्तक उघडणार नाहीत. धंदा आहे."

परतताना गाडीत भाऊजी म्हणाले, "कागद देताना सांगायचं होतंस."

"दिला नाही भाऊजी. तुम्ही घेतलात."

"पण पहिली दोन पुस्तकं माझीच ना?"

"ठेवा तुम्हालाच," ताई म्हणाली. "त्यांतल्या चुकांसकट."

पहिलं पान छापायच्या दिवशी दादाने तिच्या नावासाठी अक्षरांचे बारीक खिळे काढले. ताईने खण उघडून जाडे काढले आणि स्वतः एक एक अक्षर जुळवलं. तेवढ्यात वहिनी रंगाने निळे झालेले हात घेऊन आली. नकाशाखाली रंग भरणाऱ्या बायकांची सहा नावं हवीत, नाहीतर उद्यापासून नद्या कोरड्या.

"एवढी नावं?" दादा म्हणाला. "पुस्तक आहे की लग्नपत्रिका?"

"सातवं माझं," वहिनी म्हणाली.

सातही छापली गेली. संध्याकाळी सहाजणी त्या पानाभोवती उभ्या राहिल्या. एकीला वाचता येत नव्हतं, तिला तिचं नाव बोट ठेवून दाखवलं, तर तिने ते रेघेच्या वळणावरून नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "खाडीसारखं दिसतंय." मग सगळ्यांनी मिळून पहिला गठ्ठा बांधला, आणि छापखान्यात कुणी गाणं म्हटल्याचं दादाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आता कुणाच्या पदरात काय पडलं, ते सांगून टाकू. भाऊजींची एक ओळ गेली. पण मुलांची परीक्षा घ्यायला आपण मुद्दाम उलटा नकाशा लावला होता असं ते महिन्याभरात सांगू लागले, आणि ताईने ते कधी खोडलं नाही, तेव्हा त्यांचं नुकसान भरून निघालं म्हणायचं. दादाला मागणी पुरवता पुरवता दुसरी शिळा आणावी लागली. तो म्हणतो, मी आधीपासूनच म्हणत होतो. आधी चुका दाखवणारी पत्रं भाऊजींच्या नावाने यायची आणि ते ती गुपचूप ताईकडे सरकवायचे. आता पहिलं पत्र थेट तिच्या नावाने आलं. लांबच्या एका शाळेतल्या मास्तरांनी चिडून लिहिलं होतं: आपण मुलींना घराचा नकाशा काढायला सांगता. माझ्या लेकीने स्वयंपाकघर सगळ्यात मोठं काढलं आणि माझी खोली एका ठिपक्याएवढी. कारण विचारलं तर म्हणते, पुस्तकात लिहिलंय, माणसं जिथे जास्त वावरतात ती जागा आधी काढा. घरात वाद झाला आहे. खुलासा करावा.

रागाच्या भरात मास्तर तिकीट लावायला विसरले होते. अशा पत्राचा दंड ज्याच्या नावाने पत्र असेल त्याने भरायचा असतो. पोस्टमनने पाकिटावरचं नाव वाचलं, दारात उभ्या असलेल्या दादाकडे बघितलं आणि भाऊजींकडेही.

"तुमच्यापैकी कुणाचं नाही," तो म्हणाला.

ताई आतून आली, पाकिटावरचं नाव एकदा स्वतः वाचलं, आणि दंड भरला.