अय्यूबभाईवरची केस

"अय्यूबभाई, मला तुमच्यावर एक केस करायची आहे," प्रफुल्ल म्हणाला, अन् अय्यूबभाईच्या हातातली तांब्याची तार थांबली.

"काहून? काय गुन्हा केला म्या?"

प्रफुल्ल हसला. "कोर्टाची नाही हो. कॉलेजात शिकवायला एखाद्या धंद्याची गोष्ट लिहितो आम्ही, तिला केस म्हणतात."

अय्यूबभाई हसला नाही. मीही नाही. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरांचं वाइंडिंग करणारा, म्हणजे तार नव्यानं गुंडाळणारा, नेर गावातला हा एकच धड माणूस. प्रफुल्ल माझा वर्गमित्र, जवळच्या बोरी अरब गावचा. आधी दिल्लीत अर्थतज्ज्ञ, आता बंगळुरूच्या मॅनेजमेंट कॉलेजात प्रोफेसर. काहून बदललं म्हटलं तर म्हणतो, "आकड्यांचा कंटाळा आला, माणसांकडे वळलो." माणसांकडे! हा माणसांकडे वळला की मले धडकीच भरते.

पंधरा वर्षांपूर्वी तो असाच आला होता, सर्व्हे घेऊन. रोजानं फॉर्म भरायला मी होतो. तालुक्यात वाइंडिंग शिकवणारा एक सरकारी वर्ग होता, तो ठेवायचा की नाही ते ठरायचं होतं. ऑगस्ट महिना. पाऊस चालू, मोटरा बंद. ह्याच दुकानात उभं राहून मी विचारलं, "हाताखाली कारागीर पाहिजे काय?" अय्यूबभाई म्हणाला, "आता नाही." फॉर्मवर चौकोन दोनच, हो अन् नाही. मी 'नाही'वर खूण केली. प्रफुल्लच्या रिपोर्टात आलं, मागणी नाही. वर्ग बंद झाला, ह्याला बढती मिळाली.

"छापायला तुमची परवानगी लागते, इथं सही करा," प्रफुल्लनं कागद पुढं केले. गोष्ट लिहून तयारच होती. म्हणजे विचारायला आलाच नव्हता.

"गझाला, वाच व," अय्यूबभाईनं पोरीला हाक मारली. ती कॉलेजात शिकते. इंग्रजी वाचत मराठीत सांगत गेली. बापाची तारीफच तारीफ. शेवटी विद्यार्थ्यांसाठी प्रश्न. तिसऱ्यावर ती अडली.

"अब्बा, हे म्हणतात, भागात शिकलेले कारागीर मिळत नाहीत म्हणून धंदा वाढला नाही. अय्यूबनं काय करायला पाहिजे होतं?"

"कारागीर काहून मिळत नाहीत, ते लिहिलं काय?"

"नाही."

"मंग लिहा सर. वर्ग कोणाच्या रिपोर्टानं बंद पडला ते. तुमचं नाव टाका, मी सही टाकतो."

"तो वेगळा विषय आहे. ते काम मी कधीच सोडलं."

"मार्चात साठ मोटरा पडून राहतात इथं. मी एकटा."

प्रफुल्ल माझ्याकडं वळला. "संघदीप, सांग ना. खूण तर तूच केली होती."

"केली," मी म्हणालो. "अन् तू एकदाबी विचारलं नाही, कोणत्या महिन्यात केली."

त्याचा चेहरा उतरला, पण पेन पुढंच. "अय्यूबभाई, शेवटचं विचारतो. करता का सही?"

"आता नाही," अय्यूबभाई म्हणाला. मग माझ्याकडं बघत, "दोन्ही शब्द लिहून घे बे यावेळी."

मी प्रफुल्लच्या हातातून पेन घेतला अन् सहीच्या जागेवर दोन्ही लिहिले.