तोंबडा

विद्यापीठातली बाबांची खोली आवरायला मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हा त्यांची शेवटची विद्यार्थिनी त्यांच्याच टेबलाशी डोकं धरून बसली होती. तीन दिवसांनी तिला परीक्षकांपुढे प्रबंध मांडायचा होता आणि प्रोग्रामने ऐन वेळी मान टाकली होती.

बाबा कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक. मोठाल्या याद्या झटपट क्रमाने कशा लावायच्या, यावर त्यांचा पहिला शोधनिबंध. "दोघांनी वाचला," ते सांगायचे, "त्यातला एक मी." पुढे माझ्या लहानपणी त्यांनी वाट बदलली. बोबडं बोलणं यंत्राला कसं समजेल, यातच उरलेली सव्वीस वर्षं गेली. सहकारी म्हणत, "सर, पोरखेळ पुरे आता." बाबा हसून पुन्हा हेडफोन चढवत.

"परवापर्यंत नीट चालत होता हो, ताई," ती म्हणाली. "मी फक्त साफसफाई केली."

"कसली?"

"सरांच्या शब्दयादीत टायपिंगच्या चुका होत्या. शेवटी हात थरथरायचा ना त्यांचा. चाळीसेक शब्द दुरुस्त केले."

"जुनी यादी?"

"त्यांच्या मशीनवर होती. ते पुसून दुसऱ्यांना दिलं."

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. दोन रकाने. डावीकडे कोंबडा, उजवीकडे कोंबडा. काका, काका. खिडकी, खिडकी.

"डावीकडे आधी 'तोंबडा' होतं का गं?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"तो माझा आहे."

पाच वर्षांची होईपर्यंत मला क, ख, ग म्हणता येत नसत. ते शब्द घरात तसेच राहिले. अगदी दवाखान्यातूनही बाबा फोनवर म्हणाले होते, "येताना तादद आण."

"डावीकडे मुलांचं बोलणं, उजवीकडे मोठ्यांचं," मी म्हणाले. "तू चुकाच काढून टाकल्यास. आता यंत्र शिकणार कशावरून?"

"अरे देवा! मी सरांना शुद्धलेखन शिकवलं." ती लगेच सावरून बसली. "मग सगळीकडे क चा त करते. झालं."

"थांब. काऊला मी काऊच म्हणायचे."

"का?"

"ते बाबांनाही शेवटपर्यंत कळलं नाही."

मग मी बाबांच्या खुर्चीत बसून एकेक शब्द सांगत गेले आणि ती टाइप करत गेली. थिडती. दाडी. थुर्ची. दारातून क्लार्कबाई डोकावल्या. "सगळं ठीक आहे ना?"

"ठीत आहे," विद्यार्थिनी म्हणाली. आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मी पोट धरून हसले.

तिने कुठल्याशा लहान मुलाचं रेकॉर्डिंग लावलं. "तोंबडा," आवाज आला. क्षणभराने स्क्रीनवर उमटलं: कोंबडा.

शाळेतल्या बाई मला दहादा म्हणायला लावत. बाबांनी एकदाही "नीट बोल" म्हटलं नाही. मला वाटायचं, त्यांचं लक्षच नाही. ते लिहून घेत होते.

महिन्याभराने प्रबंधाची प्रत घरी आली. आभाराच्या पानावर मोठ्या अक्षरांत मथळा होता: तृतज्ञता. खाली बाबांचं नाव, मग माझं. आत चिठ्ठी होती: 'ताई, परीक्षकांनी मथळ्याला लाल गोल केला होता. मी दुरुस्त केलं नाही.'