झेंड्याखाली म्हटलेलं गाणं

सावळाराम सरपंचांना दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या की त्यांची बेरीज केल्याशिवाय राहवत नसे. सत्त्याण्णवच्या पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्याला पन्नास वर्षं भरत होती, ही एक गोष्ट. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळानं हेदाच्या वाडीवर आणायला एक गोरा माणूस येऊन राहिला होता, ही दुसरी.

"गुरुजी, त्या इंग्रजाला आपल्या झेंड्याखाली उभा करायचा," ते जगदीशला म्हणाले. "दीडशे वर्षं आमी त्यांच्या झेंड्याला सलाम ठोकले. त्यातला एक तरी परत आला पायजे का नको?"

"तो पाइप टाकायला आलाय, सरपंच."

"मग टाकू दे ना. सलाम ठोकताना पाइप काय हातात धरायला लागतो?"

हेदाची वाडी म्हणजे टोकावड्याच्या वर, डोंगराच्या कुशीतली ठाकरांची वस्ती. जगदीश तिथलाच. सहाव्या वर्षी त्याला आश्रमशाळेत घातला, तो मास्तर होऊनच परतला आणि नशिबानं आपल्याच वाडीच्या शाळेवर आला. राहायला मात्र टोकावड्यात, बायको आणि पोरगी अंजू यांच्यासह, भाड्याच्या खोलीत. अंजूशी घरात शुद्ध मराठी. वाडीची बोली तिच्या कानावर पडायची ती आजीकडून, आणि आजी बोलली की ती बापाकडं बघायची, त्यानं अर्थ सांगावा म्हणून.

शाळेत कुठलं पोर बोलीत बोललं की जगदीश त्याला कान धरून दाराशी उभं करी. त्यात राग नव्हता. त्याचाही कान असाच धरला गेला होता, त्याला नोकरीही लागली होती, तेव्हा एकाचा दुसऱ्याशी संबंध असणारच, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

सरपंचांचा निरोप घेऊन तो रीस साहेबाकडं गेला. साठीचा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून पान्ह्यानं पाइप आवळत होता. जगदीशनं जमेल तसं इंग्रजी जुळवलं. तुम्ही इंग्रज, आमचा झेंडा, पन्नास वर्षं. रीसनं पान्हा खाली ठेवला.

"झेंड्याला सलाम करीन, आनंदानं करीन," तो म्हणाला. "पण मी इंग्रज नाही. मी वेल्श."

जगदीशला वाटलं, ही एखादी जात असावी. रीसनं चिखलातच काडीनं बेट काढून दाखवलं. हा डावीकडचा फुगीर तुकडा वेल्स. राज्य एक, पासपोर्ट एक, त्यावर ब्रिटिश लिहिलेलं. पण वेल्सची भाषा वेगळी, इंग्रजीशी तिचं काही नातं नाही. आणि तो जगभर फडकलेला झेंडा? त्यात इंग्लंडचा क्रूस आहे, स्कॉटलंडचा आहे, आयर्लंडचा आहे.

"आणि तुमचं काय आहे त्यात?"

"धागासुद्धा नाही."

मग त्यानं आपल्या आजीचं सांगितलं. ती शाळेत घरची भाषा बोलली की गळ्यात लाकडाची फळी अडकवायचे. दुसरं कुणी बोललेलं सापडलं की फळी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती असेल, त्याला छडी. "पोरं एकमेकांवर कान ठेवून असायची," रीस म्हणाला. "आजी इंग्रजी उत्तम शिकली. माझ्या वडिलांशी आयुष्यभर इंग्रजीच बोलली. मी आमची भाषा शिकलो तो चाळिशीत, रात्रशाळेत." पुढच्या महिन्यात तिकडं मतदान होतं, वेल्सला स्वतःची विधानसभा असावी की नसावी यावर. तो त्यासाठी परत जाणार होता.

जगदीश वाडीकडं निघाला तेव्हा सकाळी दाराशी उभी केलेली तीन पोरं त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. गोऱ्या माणसालाही कुणी दाराशी उभं करू शकतं, हे त्याला नवीन होतं.

रीसची अट एवढीच होती: मी दोन वाक्यं माझ्या भाषेत बोलीन, मग कुणीतरी वाडीच्या भाषेत काहीतरी म्हणावं. सरपंचांना जगदीशनं हे सांगितलं तेव्हा ते 'इंग्रज नाही' यावरच अडले.

"इंग्रज नाय म्हंजे? मग कोण?"

"वेल्श."

"गोरा हाय ना? लोकांना गोरा दाखवायचाय. बाकीचं तुमच्या-माझ्यात ऱ्हाऊ द्या."

वाडीच्या भाषेत कोण म्हणणार? जगदीश आईकडं गेला. बुधी अंगणात नाचणी पाखडत होती.

"आये, गाणं म्हण ना एक. आपलं."

"तुला म्हणू?"

"सगळ्यांपुढं. झेंड्यापाशी."

बुधीचं सूप थांबलं. "आपलं घरातलं रे ते, जगद्या. परक्यापुढं कशाला काढायचं?"

"हीच तर लाज सोडायचीय आता!"

"लाज कोण म्हंतो?" बुधी म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली. जगदीशनं मनाशी नोंद केली: किती पिढ्यांचा न्यूनगंड हा! हा शब्द त्याला अध्यापक विद्यालयात मिळाला होता आणि बरेच दिवस वापरायला जागा सापडत नव्हती.

पंधरा ऑगस्टला पावसानं उघडीप दिली. खुर्च्यांवर सरपंच, रीस साहेब आणि जंगलाचा गार्ड काळूराम. खाली ताडपत्रीवर वाडी. झेंडा वर गेला, रीसनं टाचा जुळवून सलाम केला आणि सावळारामांनी मान वळवून सगळ्यांनी नीट बघितलं ना याची खात्री करून घेतली. मग रीस आपल्या भाषेत बोलला. घशात पाणी खळखळावं तशी भाषा. पोरं हसली, म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, कुणाला काही कळलं नाही आणि सगळ्यांना बरं वाटलं.

मग जगदीश उठला. आईला जे जमेना ते आपण करायचं, हे त्यानं रात्रीच ठरवलं होतं. बोलीतलं त्याला एकच गाणं पुरतं येत होतं, फार लहानपणी ऐकलेलं. त्यानं माइक धरला आणि सूर लावला:

"वऱ्हाड निंगालं खालसून गो, वऱ्हाड निंगालं खालसून,
मातीच्या मुंडाशाचा नवरा गो, घागरी ठेवा झाकून."

ताडपत्रीवर बायकांचा भाग एकदम गप्प झाला. बुधीच्या शेजारणीनं, भिमीनं, पदर तोंडात धरला. बुधी उभीच राहिली. आईचे डोळे भरलेले जगदीशला लांबूनही दिसले आणि त्याचा आवाज आणखी चढला. सोळा वर्षं शाळेत आणि दहा वर्षं नोकरीत जे केलं नाही ते आज करतोय, असं त्याला वाटत होतं, आणि त्या घटकेला तो खरोखर सुखी होता.

गाणं संपल्यावर खाली बसला असता तरी भागलं असतं. पण तो मास्तर होता. त्यानं मराठीत अर्थ सांगितला, ओळीओळीनं, पार शेवटच्या कडव्यापर्यंत. वऱ्हाड खालच्या वाटेनं वर येत आहे. नवरदेवाचं मुंडासं मातीच्या रंगाचं आहे. तर बायांनो, आपापल्या घागरी पाल्याखाली झाका आणि वरच्या नाळेनं, म्हणजे डोंगरातल्या घळीच्या वाटेनं, घरी जा.

"वा," काळूराम गार्ड लाडू खाता खाता म्हणाला. "गुरुजी, हे कवा म्हंतात?"

"लग्नात."

"लग्नात," काळूराम म्हणाला. त्यानं आपल्या मातकट टोपीवरचा लाडवाचा चुरा झटकला आणि दुसरा लाडू घेतला नाही.

रीस साहेब गेला. महिन्याभरानं त्याचं कार्ड आलं, त्यावर लाल ड्रॅगनचा झेंडा. मतदान निसटतं का होईना, जिंकलं होतं. तुम्ही त्या दिवशी गायलात ते मी सगळ्यांना सांगतो, असंही लिहिलं होतं. जगदीशनं कार्ड शाळेच्या भिंतीला लावलं.

दिवाळीनंतर वाडीवरच्या बाया जंगलात लाकडाला जायच्या. सुकी फाटी गोळा करायची, नसली तर एखादी फांदी पाडायची, मोळी डोक्यावर घेऊन टोकावड्याच्या ढाब्यांवर टाकायची. वर्षाचं मीठमिरची त्यातूनच निघायचं. त्या दिवशी पाचजणी गेल्या. वाटेवर राखणीला बसलेल्या बाईला खालून गार्ड येताना दिसला, तिनं गाणं लावलं, बाकीच्यांनी मोळ्या पाल्याखाली लोटल्या आणि वरच्या नाळेला लागल्या. नाळेच्या तोंडाशी काळूराम बिडी ओढत बसला होता. खालून आलेला त्याचा मदतनीस होता.

बातमी कळून जगदीश जंगलखात्याच्या चौकीवर पोचला तेव्हा पाचही जणी भिंतीशी उकिडव्या बसल्या होत्या, त्यांत बुधी. कोयते टेबलाखाली.

"या गुरुजी, बसा," काळूराम अगदी अदबीनं उठला. "आठ वर्षं ऐकतोय बघा हे गाणं. मी म्हनायचो, काय गोड गळा हाय बायांचा. खुळ्यासारखा थांबून ऐकायचो. आनि तो मातीच्या मुंडाशाचा नवरा मीच! बायकोला सांगितलं तर हसून हसून लोळली."

"लग्नातलं गाणं आहे ते," जगदीश म्हणाला.

"कुठल्या लग्नात ऐकलंत?"

जगदीशनं आठवून पाहिलं. वाडीवरची सगळी लग्नं आठवली, मांडव आठवले. त्यातल्या एकातही हे गाणं नव्हतं. होतं ते आईच्या पाठीला बांधलेला असताना, पालापाचोळ्यात, आईचं धावणं पाठीतून कळत असताना. वापर कळायचं वय येण्याआधी तो शाळेत गेला होता. त्याच्याकडं चाल आली, शब्द आले, आणि पुढचा धडा राहिला.

काळूरामनं बाया सोडल्या. कोयते ठेवून घेतले. "ह्या लग्नाचं आवतान तुमीच दिलंत म्हणून सोडतो," तो म्हणाला.

परतताना बाया पुढं, जगदीश मागं. तो भरभर चालून आईच्या बरोबरीला आला आणि बोलीत म्हणाला, "आये, मला कुणी सांगितलंच नाय गो."

बुधी थांबली. पदर सारखा केला. आणि स्वच्छ, शहरी मराठीत म्हणाली, "गुरुजी, तुम्ही पुढे व्हा. आम्ही येतो सावकाश."

हे मराठी जगदीशला ठाऊक होतं. ते गार्डसाठी असे, कंडक्टरसाठी, बाजारातल्या दुकानदारासाठी.

गाणं तिथंच संपलं. गार्डला पाठ झालेलं गाणं वाडीच्या काय उपयोगाचं? नवं बसवायचं तर चार बायांनी एके ठिकाणी निर्धास्त बसायला लागतं, आणि आता त्या एकमेकींकडंही जपून बघत. भिमी पुढच्या सालापासून वीटभट्टीवर जाऊ लागली. तिच्या मागून बाकीच्याही. भट्टीवर चार गावची माणसं, तिथं बोलायचं ते भट्टीवाल्याला कळेल असं.

जगदीशनं पोरांचे कान धरणं बंद केलं. उलट तोच वर्गात बोलीत विचारू लागला, 'घरी काय शिजलं?', 'हे झाड कुठलं?' पोरं उभी राहून पुस्तकातल्या मराठीत उत्तरं देत. घरून तशी ताकीद होती. काही वर्षांनी वरून परिपत्रक आलं की मुलांच्या बोलीचा शाळेत वापर करावा, शिक्षकांनी शब्द गोळा करावेत. वाडीवर त्याला एकानंही शब्द दिला नाही. तेव्हा तो स्वतःला येतील ते लिहायला बसला. भूक, पेज, माकड, सू, पडलो, आये. सहा वर्षांच्या पोराला लागतात तेवढेच निघाले.

बुधी मात्र दर बाजाराला टोकावड्याच्या खोलीवर येऊ लागली होती. तिनं मुलाशी भांडण केलं नाही, अबोला धरला नाही. "गुरुजी, बरे आहात ना?" असं विचारायची, भाकरी वाढली की "पुरे, पुरे" म्हणायची, निघताना "येते हं" म्हणायची. तो बोलीत काही बोलला तर ऐकू न आल्यासारखी हसायची. अंजूला मांडीवर घेऊन तिच्याशी तासन्‌तास मराठीत गप्पा मारायची.

एका संध्याकाळी तिला एसटीत बसवून बाप-लेक घरी येत होते. अंजू उड्या मारत चालली होती.

"बाबा, आजी आता किती छान बोलते, नाही?" ती म्हणाली. "आधी मला काहीच कळायचं नाही. आता सगळं कळतं."

"हो," जगदीश म्हणाला.

"तिला तुम्ही शिकवलंत?"

"हो," तो म्हणाला. "मीच."