सारूचं न उघडलेलं कार्ड

सारूमुळे माझ्या पोटात दुखायचं, हे आधीच सांगून टाकते. असल्या गोष्टी सांगताना लोक म्हणतात, आमच्यात थोडी स्पर्धा होती. स्पर्धा कसली आलीय डोंबलाची. मी जळत होते. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत जळत होते, आणि तेही शेवटच्या वर्षी, जेव्हा डोकं फक्त अभ्यासात असायला हवं होतं.

आमची मुलींची शाळा केनियातल्या वुंडान्यी गावाच्या डोंगरउतारावर. ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा होता. दरवर्षी शाळा सोडतानाच्या शेवटच्या परीक्षेत जी पहिली येईल तिचं नाव त्यावर पांढऱ्या रंगात रंगवायचे. फळ्याच्या बरोबर समोर स्वयंपाकघर, आणि तिथे माझी आई अठरा वर्षं उगाली ढवळत होती. सगळी शाळा तिला 'वाकेशोची आई' म्हणायची. मक्याच्या पिठाचा तो डोंगर घाटताना तिचे डोळे सारखे त्या फळ्यावर. मी या शाळेत पहिल्या वर्षाला असतानाच तिने रंगाऱ्याला विचारून ठेवलं होतं, "काय हो, 'वाकेशो म्वांदोए' एवढं लांब नाव एका ओळीत मावेल ना?" तो म्हणाला, "मावेल, पण पोरीला आधी पहिली तर येऊ दे." आई म्हणाली, "ते तुम्ही बघू नका. तुम्ही रंगाचं बघा."

तर तीन वर्षं मी पहिलीच येत होते. माझी अभ्यासाची रीत ठरलेली. पहाटे चारला उठायचं, शेवटच्या बाकावर एकटीने बसायचं, आणि लिहिताना वहीवर कोपर आडवं. वह्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली गळ्यात. कुणी काही विचारलं तर उत्तर तयार असायचं, "अगं, माझंच अजून झालं नाही." झालेलं असायचं. दोनदा झालेलं असायचं.

शेवटच्या वर्षी जानेवारीत सारू आली. खालच्या वोई गावची. बाप रेल्वेत, त्याची बदली झाली म्हणून हिची शाळा बदलली. माझ्यापेक्षा हातभर उंच, आणि तिची अभ्यासाची रीत म्हणजे तमाशाच. ती तोंडाने अभ्यास करायची. जेवण झालं की खडू घेऊन पाण्याच्या टाकीजवळ जायची आणि टाकीच्या सिमेंटवर लिहून कुणाला तरी शिकवत बसायची. ऐकायला कुणी नसेल तर सिल्व्हर ओकच्या झाडाला शिकवायची. मला हसू यायचं. म्हटलं, ही काय पहिली येणार.

एप्रिलमध्ये पहिली यादी लागली. सारू पहिली, मी दुसरी.

मी ती यादी दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला लागले तेव्हा मागून म्घोई म्हणाली, "नाव बदलत नाही गं ते, कितीही वाच." ही म्घोई आमच्या वर्गातली शेवटून दुसरी. तिनेही मला बोलून घ्यावं, एवढी वेळ आली.

आई म्हणाली, "दुसरा नंबर काय वाईट आहे? जेव."

मी जेवले नाही.

खरी आग लागली ती खरपुडीवरून. उगालीच्या मोठ्या पातेल्याच्या तळाशी जी करपट, कुरकुरीत खरपूड राहते ती माझी. लहानपणापासून माझी. एके दिवशी स्वयंपाकघरात गेले तर सारू उंबऱ्यावर बसून ती खरपूड खात होती. आईला पाण्याच्या बादल्या आणून दिल्या होत्या म्हणे तिने. खाता खाता म्हणाली, "आई, काय मस्त लागतं हे." वाकेशोची आई नाही. सरळ आई. आणि आमच्या मातोश्री हाताआड हसतात.

"माझी कुठेय?" मी विचारलं.

"अगं, उद्या खा," आई म्हणाली. "बिचारीची आई लांब आहे."

बिचारी म्हणे. त्या दिवशी मी ठरवलं, हिचा अभ्यासच होऊ द्यायचा नाही.

मारामारी, चोरी असलं काही माझ्या स्वभावात नाही. मी साधी युक्ती केली. कुणी माझ्याकडे काही विचारायला आली की गोड तोंड करून सांगायचं, "सारूकडे जा ना, ती फार छान समजावते." म्घोईला पाठवलं. मग तिच्या बाकावरच्या दोघींना. मग खालच्या वर्गातल्या मुलींनासुद्धा. जून महिन्यापर्यंत अशी गत झाली की सारूला पायखान्यात जायलाही एकटीला मिळेना. टाकीजवळ वीस वीस पोरी. मी शेवटच्या बाकावरून खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, शिकव, शिकव. तू त्यांना शिकव, मी माझं शिकते. इतकं सुख मला त्या वर्षात दुसऱ्या कशानेही दिलं नाही.

एकदा म्घोईने मला थांबवून हात धरला. "वाकेशो, तू पाठवलंस म्हणून गेले. नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

"जा गं, त्यात काय," मी म्हटलं. आणि मला खरंच वाटत होतं, त्यात काय.

जुलैत सराव परीक्षा झाली. सारूला माझ्यापेक्षा तीन गुण जास्त. एप्रिलमध्ये एकच होता. करायला गेले एक आणि झालं भलतंच. वीस पोरींना वीस वेळा सांगून सांगून तिला सगळं तोंडपाठ झालं होतं. अवघडातला अवघड प्रश्न तिला कुणी ना कुणी आधीच विचारलेला असायचा, आणि ते विचारणारं माणूस मीच पाठवलेलं असायचं. हे मला कळायला तीन महिने लागले. पहिला नंबर काढणाऱ्या डोक्याला.

माझं घोडं अडायचं रसायनाच्या प्रॅक्टिकलला. थेंब थेंब आम्ल सोडायचं, रंग बदलला की थांबायचं, आणि ब्युरेटच्या उंच काचनळीवरचे आकडे वाचायचे. आधी किती होतं, नंतर किती उरलं. एवढंच तर काम. पण माझं उत्तर दरवेळी थोडं कमी यायचं. आमचे म्वादिमे सर डोकं खाजवायचे. "लेखी पेपर तुझा सोनं आहे, आणि इथे काय होतं गं तुला?"

"माझी आकडेमोड बरोबर आहे, सर."

"आकडेमोड बरोबरच आहे. आकडे चुकतात."

मी ते आकडे कुणाला दिसू नयेत म्हणून टेबलावर वह्यांची भिंत उभी करायची. एक दिवस बघते तर समोरच्या टेबलावरून सारू माझ्याकडे टक लावून बघतेय. हातातलं काम सोडून.

"काय बघतेस?"

"काही नाही. तू ना, जेव्हा वरचं..."

"माझा आकडा तुला मिळणार नाही," मी म्हटलं, आणि भिंतीवर आणखी एक वही ठेवली. ती आपल्या कामाकडे वळली. सगळा वर्ग ऐकत होता. मला बरं वाटलं.

ऑक्टोबर उजाडला की शेवटच्या वर्षाच्या मुलींना शुभेच्छांची कार्डं यायला लागतात. मामा पाठवतो, चुलती पाठवते, चर्चमधल्या बायका पाठवतात. चमकीची फुलं असतात, उघडली की काही काही गाणंही वाजवतात. मुली ती पलंगाच्या वर दोरीला टांगतात आणि सगळ्या सगळ्यांची मोजतात. सारूची एकेचाळीस. टाकीजवळच्या प्रत्येक पोरीने खाऊचे पैसे मोडून तिला कार्ड घेतलं होतं. माझी सात, आणि त्यातलं एक आईचं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी प्रार्थना झाली. आईबाप आले होते, पाद्र्याने आमच्या पेनांवर हात ठेवून आशीर्वाद दिला. मंडपातून बाहेर पडताना सारू आडवी आली आणि तिने माझ्या हातात पाकीट ठेवलं.

"तुला," ती म्हणाली. "परीक्षेच्या आधी उघड हं."

एकेचाळीस कार्डंवाली मला आठवं देत होती. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या. म्हटलं, दया दाखवतेय माझ्यावर. पाकीट न उघडता मी स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपाशी सरपणाच्या ढिगावर फेकून दिलं.

आईने उचललं. झटकलं. "कार्ड जाळत नाहीत, पोरी. अपशकुन असतो."

"मग तूच ठेव ते तुझ्या लाडकीचं."

आईने ते चहाच्या डब्यामागे सरकवून ठेवलं आणि डाळ निवडायला बसली.

परीक्षा सुरू झाली. लेखी पेपर असे गेले की काय सांगू. प्रॅक्टिकलच्या दिवशी मात्र मी दोनदा, तीनदा, चारदा मापलं. ब्युरेटचं शून्य माझ्या कपाळाच्याही वर. मान उंच करून वाचलं, लिहिलं, पुन्हा वाचलं. चारही वेळा उत्तर सारखं आलं. म्हणजे बरोबरच असणार, असं मी म्हटलं आणि पेपर दिला.

निकाल फेब्रुवारीत लागला. सगळ्या विषयांच्या श्रेणींचे गुण मिळून सारूला चौऱ्याऐंशीपैकी ऐंशी, मला एकोणऐंशी. एका गुणाने. सगळ्या विषयांत आम्ही दोघी सारख्या, फक्त रसायनात मी एक पायरी खाली.

शाळेचा असा निकाल आजवर लागला नव्हता. चौसष्टपैकी एकसष्ट मुली चांगल्या श्रेणीत. म्घोईसुद्धा. मोठ्या बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि विचारलं, हे कसं झालं. म्घोई उठली. म्हणाली, "सारूने शिकवलं. पण बाई, आम्हाला सारूकडे वाकेशोने पाठवलं. एकेकीला. स्वतःच्या अभ्यासाचं न बघता."

सगळा हॉल माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागला. सर्वांत जोरात सारू वाजवत होती. मी खाली बघून उभी राहिले, आणि लोकांना वाटलं, किती नम्र पोरगी आहे.

पुढच्या आठवड्यात रंगारी आला. मी आईच्या हाताखाली कांदे चिरत होते. समोर तो शिडीवर चढला. आई ढवळायची थांबली नाही. पहिलं अक्षर उमटलं, दुसरं उमटलं. छोटं नाव, पटकन झालं. मावायचा प्रश्नच नव्हता. काम संपल्यावर रंगारी इकडे चहा प्यायला आला आणि उभ्याउभ्याच पिऊन गेला. आईला मी तेव्हा पहिल्यांदा त्या फळ्याकडे पाठ करून उभं राहिलेलं पाहिलं.

तिने चहाचा डबा जागेवर ठेवला, आणि तशीच मागे हात घालून पाकीट काढलं. धुराने पिवळं पडलं होतं.

"आता तरी उघड. तिने प्रेमाने दिलेलं आहे."

मी कांद्याच्याच हातांनी फाडलं. आत फूल नाही, गाणं नाही. सगळ्यांत स्वस्तातलं कार्ड, आणि त्यावर सारूचं ते टाकीवरचं मोठं अक्षर.

'वाकेशो, ब्युरेट खाली घे, नाहीतर स्टुलावर उभी राहा. वरचं माप तू खालून वाचतेस, म्हणून चुकतं. बाकी तुझं सगळं बरोबर आहे. तोंडाने सांगणार होते, पण तू मला बोलू देत नाहीस. आणि तू पाठवलेल्या मुलींमुळे माझा अभ्यास झाला, ते फेडायचं राहिलंय.'

मी ते परत वाचलं. प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलाखाली एक स्टूल असायचं. चार वर्षं मी त्यावर दप्तर ठेवत होते.

कदाचित तो एक गुण त्याने गेला नसेलही. दुसरीकडे कुठे गेला असेल. पण हे मला कुणी समजावायला येऊ नका. मी आता या शाळेत त्याच प्रयोगशाळेत काम करते, काचा धुते, मापं भरते, आणि मला माहीत आहे तो कुठे गेला.

"काय लिहिलंय गं?" आईने विचारलं.

तिचा चेहरा घामाने आणि वाफेने ओला होता. अठरा वर्षं त्या फळ्यासमोर.

"काही नाही," मी म्हटलं. "शुभेच्छा आहेत नुसत्या."

"बघ, उगाच जाळत होतीस," आई म्हणाली. तिने पातेलं तिरकं केलं, तळाची सगळी खरपूड खरवडून बशीत काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "खा. आज सगळी तुझीच."