तिन्हीसांजेची पाटी

शिकागोहून निघून थेट कॅलिफोर्नियाच्या समुद्राला भिडणारा जुना हमरस्ता, रूट सिक्स्टीसिक्स, न्यू मेक्सिकोतल्या डॉसन वेल्स गावाच्या मधोमध जातो. रत्नाकाकू आणि मनोहरराव १९७६ साली तिथं आले, तेव्हा संध्याकाळी त्या रस्त्यावर गाड्यांची रीघ असे. शिकागोच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर मनोहररावांनी सनडाऊन नावाचं बारा खोल्यांचं मोटेल विकत घेतलं होतं. पाचच वर्षांत दीड मैलावरून रुंद इंटरस्टेट महामार्ग गेला, गाड्या तिकडे वळल्या, आणि गावात चाळीसेक घरं आणि एक पेट्रोल पंप एवढंच उरलं. अमेरिकेत बरीचशी मोटेलं गुजराती पटेलांची, त्यामुळे मोटेलवाला म्हणजे पटेलच, असं समजून लोक मनोहररावांना मिस्टर पटेल म्हणत. पहिली दहा वर्षं ते आपलं खरं आडनाव सांगत राहिले, मग त्यांनी नाद सोडला.

मोटेलच्या पाटीवर दिव्याच्या लाल नळ्यांमध्ये 'व्हेकन्सी', म्हणजे खोली रिकामी आहे, असं लिहिलेलं होतं आणि त्याच्या आधी एक लहानसं 'नो'. खोल्या भरल्या की 'नो'चं बटण दाबायचं, म्हणजे वाटसरू न थांबता पुढे जातो. धंद्यातली साधी गोष्ट. पण रत्नाकाकू दिवेलागणीच्या वेळी ते बटण दाबू देत नसत. तिन्हीसांजेला दार लावायचं नाही, दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हे अमरावतीला त्यांच्या आईनं त्यांच्या अंगात पक्कं मुरवलं होतं. देवापाशी दिवा लागला, तासभर गेला, की मग खुशाल 'नो' लावा. तेवढ्यात कुणी आलंच, तर ऑफिसमागच्या आपल्या खोलीत त्याची सोय करायची. तीस वर्षं मनोहरराव यावर कुरकुरत आले होते.

२००६च्या डिसेंबरातल्या शेवटच्या शुक्रवारी सकाळपासून बर्फ पडत होता. दुपारी चारला शेवटच्या खोलीची किल्ली गेली.

"आज तरी लावू दे 'नो'," मनोहरराव म्हणाले. "इंटरस्टेट बंद करतायत म्हणे."

"दिवा लावून होऊ दे."

"देवाला काय पडलंय गं न्यू मेक्सिकोतल्या पाटीचं?"

"देवाला नसेल. मला पडलंय."

पोलिसांनी वाहतूक जुन्या रस्त्यावर उतरवली. भुरभुरत्या पांढऱ्या अंधारात लाल अक्षरं दिसली की गाड्या एकामागून एक आवारात वळू लागल्या. त्यातल्या एका गाडीतून एक तरुण जोडपं उतरलं, बाईच्या खांद्यावर आठ महिन्यांची मुलगी. काउंटरमागचा गणपती पाहून ती थबकली आणि मनोहरराव बायकोला हाक मारत होते ते ऐकून तिनं नवऱ्याला कोपर मारलं.

"संग्राम, हे मराठी आहेत. काका, मी नेत्रा. आम्ही डॅलसहून ग्रँड कॅन्यनला ड्राइव्ह करतोय."

"ये बाळ, आत ये. पण खोली नाही गं एकही."

"साइन तर व्हेकन्सी दाखवतेय, यार," संग्राम म्हणाला. "पुढच्या गावात शाळेत शेल्टर उघडलंय, आम्ही तिकडेच चाललो होतो. साइन बघून आत टर्न घेतला."

"मग अजूनही जा की."

"आता कसं जाणार, काका? ट्रक आडवा झालाय पुढे. पोलिसांनी रोड क्लोज केला, आत्ताच."

रत्नाकाकूंच्या हातातली काडेपेटी हातातच राहिली. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. आवारात वीस-बावीस गाड्या होत्या. सगळ्यांना शाळेच्या उबेत पोचता आलं असतं. त्यांना इथं अडकवलं होतं त्या पाटीनं.

नेत्राला आणि बाळाला त्यांनी आपल्या पलंगावर बसवलं. ऑफिसात, कपडे धुण्याच्या खोलीत, जिथं पाठ टेकेल तिथं माणसं घेतली. तरी गाड्यांमध्ये सत्तेचाळीस जण उरले, इंजिनं चालू ठेवून. मनोहरराव फावडं घेऊन गाडी-गाडीपाशी फिरत होते. मागची धुराची नळी बर्फानं बुजली तर विषारी धूर आत शिरतो आणि माणसाला झोपेतच संपवतो. एक नळी मोकळी करेपर्यंत दुसरी बुजत होती. ते आत आले तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"माझ्यामुळे झालं," रत्नाकाकू म्हणाल्या.

एरवी टोमण्याची संधी न सोडणाऱ्या मनोहररावांनी फक्त भुवयांवरचा बर्फ पुसला आणि पुन्हा फावडं उचललं. टोमण्यापेक्षा रत्नाकाकूंना त्याचीच जास्त भीती वाटली.

इतक्यात गावाच्या बाजूनं एक पिवळा दिवा हलताना दिसला. त्याच्या मागे आणखी एक. मग चार, मग मोजता येईनात इतके. ट्रॅक्टर होते, बर्फ ढकलायचे फाळ लावलेले पिकअप होते, घोडे न्यायची एक बंद गाडीसुद्धा होती. सगळं गाव जुन्या रस्त्यानं येत होतं. पहिल्या ट्रॅक्टरवरून उतरली ती एक्याऐंशी वर्षांची डोरिस. समोरचं, आता बंद पडलेलं मोटेल तिचं. ही दोघं आल्यावर, गिऱ्हाइकांनी या परक्यांकडे जाऊ नये म्हणून, तिनं आपल्या दारात 'अमेरिकन मालकीचं' अशी फळी लावली होती, आणि त्यानंतर सनडाऊनच्या आवारात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"किती जण?" तिनं विचारलं.

"सत्तेचाळीस."

"बस? मी साठ धरून आले."

"तुम्हाला कळलं कसं?"

"तुझी पाटी संध्याकाळी खोटं बोलते, हे गावाला कधीचं माहीत आहे, रत्ना. इंटरस्टेट बंद म्हटल्याबरोबर सगळ्यांनी अंथरुणं काढून ठेवली. निघायला उशीर झाला तो माझ्यामुळे. ट्रॅक्टरवर चढायला वीस मिनिटं लागली मला."

माणसं दुलया पांघरून ट्रेलरमध्ये चढली. एक थोराड ट्रकवाला लहान मुलासारखा कुणाचा तरी हात धरून चालला होता. नावगाव न विचारता गाव त्यांना वाटून घेत होतं. दोन इकडे, पाच तिकडे, कुत्रा असलेले माझ्याकडे.

"माझ्या घरी अकरा जण पाठवलेत," शेवटी डोरिस म्हणाली. "माझ्याच पलंगाला जागा उरली नाही."

"स्वयंपाकघरात शेगडीपाशी ऊब आहे. पिठलं-भात खाणार का?"

"ते काय असतं?"

"गरम असतं."

डोरिसनं उंबऱ्याकडे एकदा पाहिलं आणि बूट काढून आत गेली.

रत्नाकाकू बाहेरच राहिल्या. आवार रिकामं होतं. ट्रॅक्टर एकेका घरापाशी थांबत पुढे जात होते, आणि जिथं थांबत तिथल्या ओसरीवर दिवा लागत होता. पेट्रोल पंपापाशी लागला, चर्चमागे लागला, ज्या घरी आता कुणी राहतच नाही असं त्यांना वाटलं होतं, तिथंही लागला. बर्फातून दिसेल तिथवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उजेड होता. त्यांना हुडहुडी भरली होती, पण तिथून हलवेना.

"अगं, आत ये, गारठशील," मनोहरराव दारातून म्हणाले.

"थांबा हो. मोजू द्या जरा," त्या म्हणाल्या, आणि मोजायचं विसरून नुसत्या बघत राहिल्या.